दोन वायरी, एकच बोर्ड

सर्व्हर समोरून बघण्यासारखा नसतो. काळ्या पत्र्याचा डबा, दोन-तीन मिणमिणते हिरवे दिवे आणि पंख्यांची घरघर, एवढंच. बघायची ती त्याची पाठ. जरा बऱ्या प्रतीच्या सर्व्हरच्या पाठीला विजेच्या दोन वायरी येतात आणि त्या दोन वेगवेगळ्या पॉवर सप्लायमध्ये शिरतात. हे सप्लाय म्हणजे विटेएवढी दोन खोकी. खिटी दाबून ओढलं, की खोकं ड्रॉवरसारखं बाहेर येतं, आणि तेसुद्धा सर्व्हर चालू असताना. दोन्ही शाबूत असतात तेव्हा प्रत्येक जण निम्मा भार उचलतो; एक जळाला, की दुसरा त्याच क्षणी सगळा भार अंगावर घेतो आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. बनवणाऱ्याने इतका विचार केलेला असतो आणि गिऱ्हाइकाने त्याचे पैसे मोजलेले असतात. पुढे या दोन वायरींचं काय झालं, ते बघायला मात्र टेबलाखाली वाकावं लागतं. पुष्कळदा दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या सापडतात. बोर्ड एका यूपीएसला, यूपीएस भिंतीतल्या एका सॉकेटला. केर काढताना झाडू लागून त्या बोर्डाचा खटका पडला, तर दोन सप्लायचा सर्व्हर आणि एका सप्लायचा सर्व्हर सारखेच बंद पडतात. पर्यायी वीजपुरवठ्याबद्दल आपल्याकडे जो मूळ गैरसमज आहे, तो या टेबलाखाली पुरता दिसतो: वस्तू दोन घेतल्या म्हणजे सोय दुहेरी झाली, असं आपण धरून चालतो.

या गैरसमजाची परीक्षा कुठे होते ते बघू. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरले आहेत. एका टोकाला कसारा घाट, दुसऱ्या टोकाला माळशेज; मध्ये साग-ऐनाचं जंगल, भातखाचरं आणि त्यांवरून गेलेल्या विजेच्या उघड्या तारा. जूनच्या पहिल्या वाऱ्याला फांदी तारेवर येते आणि फीडर ट्रिप होतो. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा, डीओ फ्यूज उडतो, एकच फेज जातो, अर्धी आळी उजेडात आणि अर्धी अंधारात राहते. लाइन रानातून गेलेली असते आणि फॉल्ट शोधायला वायरमनला पावसात ती पायाखाली घालावी लागते. यात हलगर्जीपणा कधी असतो, कधी नसतो. भूगोल मात्र कायमचा आहे. वीज जाते ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे, पण सर्व्हरच्या दृष्टीने 'लाइट गेली' या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार दडलेले असतात. वीज सरळ जाणं हा त्यातला सर्वांत सभ्य आजार. दुसरा, दाब उतरणं: 230 व्होल्टच्या जागी 170 येतात, दिवा लाल होतो, पंखा रेंगाळतो. तिसरा, न्यूट्रल तुटणं: अशा वेळी एखाद्या घरात दाब 300च्या वर चढतो आणि बल्ब फुटतात, टीव्ही जळतात. चौथा सर्वांत फसवा. वीज अर्धा सेकंद डोळा मारते आणि परत येते. माणसाला ते जाणवतं न जाणवतं तोच विसरलंही जातं. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये मात्र वीज साठवून ठेवणारे जे कपॅसिटर असतात, त्यांच्या पोटात साधारण 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेच्या एका आवर्तनापुरता दम असतो. अर्धा सेकंद म्हणजे त्याच्या पंचवीस पट. तेवढ्यात सर्व्हर बंद पडून पुन्हा उठायला लागलेला असतो.

बंद पडण्याने नेमकं काय बिघडतं? यंत्र फुटत नाही, क्वचितच जळतं. बिघडतो तो अर्धवट राहिलेला व्यवहार. तालुक्याच्या गावातली एखादी पतसंस्था घ्या. संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा चढवून झाला आणि डे-एंड चालू आहे. म्हणजे दिवसभराचे जमा-नावे पडताळून व्याज लावणं आणि उद्याची तारीख उघडणं. त्या क्षणी पुष्कळशी माहिती डिस्कवर पोचलेली नसते. ती स्मृतीत, म्हणजे विजेच्या भरवशावर, रांगेत उभी असते. वीज गेली की रांग पुसली जाते. चांगला डेटाबेस आपली नोंदवही वाचून सावरतो, साधा सावरत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी खातेवहीत न जुळणारी रक्कम शोधत बसायची वेळ येते. दवाखाना असो, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो की महाविद्यालयाचं कार्यालय असो, आकडे बदलतात, दुखणं हेच राहतं.

आता दुसऱ्या वायरीचा मूळ हिशेब बघू. तो फार साधा आणि मोहात पाडणारा आहे. समजा, एखादा पुरवठा वर्षाच्या 1 टक्का वेळ बंद असतो. वर्षाचे तास 8,760. म्हणजे जवळजवळ 88 तास, साडेतीन दिवसांहून थोडं जास्तच. असाच दुसरा पुरवठा जोडला, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकातला शंभरातला एक, म्हणजे दहा हजारांत एक. वर्षाकाठी एक तासही नाही! साडेतीन दिवस विरुद्ध पाऊण-एक तास: एवढा नफा कोणत्या धंद्यात मिळतो? पण या गुणाकारात एक अट आहे आणि ती विकणारा सांगत नाही, विकत घेणारा विचारत नाही. दोन्ही पुरवठे एकमेकांशी अजिबात संबंध नसलेल्या कारणांनी बंद पडले पाहिजेत. दोघांचं मरण एकाच फांदीला बांधलेलं असेल तर गुणाकार करायचाच नाही. उत्तर तेच, 88 तास.

याचा मोठा दाखला इथून फार दूर नाही. शहापूरहून भिवंडीकडे नाशिक महामार्गाने निघालं की पडघा लागतं. तिथे 400 किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे आणि तिथून कळव्याला दोन मोठ्या वाहिन्या जातात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर गेली. मुंबईकडे वीज आणणाऱ्या वाहिन्या एकापेक्षा जास्त होत्या, दुहेरी-तिहेरी सोय कागदावर पुरेपूर होती. पण पुणे–खारघर वाहिनी आधीच बंद होती, पडघा–कळवा जोडीतली एक वाहिनी दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली होती, तिचा भार दुसरीवर आलेला होता, आणि ती दुसरी ट्रिप झाली. संकटात मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवणारी आयलँडिंगची व्यवस्थाही त्या दिवशी कामी आली नाही. देशाच्या आर्थिक राजधानीचं जे झालं, तेच टेबलाखालच्या बोर्डाचं होतं. आकार तेवढा वेगळा. पर्याय दुरुस्तीला काढलेला असतो त्या दिवशी तुमच्याकडे पर्याय नसतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

परदेशातही असंच घडलं आहे, आणि ज्यांचा धंदाच सर्व्हर सांभाळण्याचा आहे त्यांच्याकडे घडलं आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीचं मोठं डेटा सेंटर आहे. 9 नोव्हेंबर 2017 रोजी ते अंधारात गेलं. वीज आणणाऱ्या केबल दोन होत्या, पण दोन्ही एकाच स्रोतावरून आणि एकाच ब्रेकरमधून येत होत्या. एका केबलला इजा झाली, ब्रेकरने दोघींनाही तोडलं. त्यानंतर जनरेटर चालू व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीचं त्याआधी सव्वा वर्ष, 8 ऑगस्ट 2016ला झालं ते तर आणखी बोलकं आहे. अटलांटातल्या त्यांच्या केंद्रात विजेचं एक उपकरण बिघडलं. वीज लवकरच परत आली. पण सुमारे 7,000 यंत्रांपैकी 300च्या आसपास यंत्रं पर्यायी पुरवठ्याला नीट जोडलेलीच नव्हती, हे त्या दिवशी कळलं. ती बसली, त्यांच्यावर अवलंबून असलेली बसली, आणि तीन दिवसांत दोन हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. चुकीच्या बोर्डात खोचलेल्या वायरीची ही किंमत.

दोन वाटा खरोखर वेगळ्या ठेवणं म्हणजे काय, हे मात्र शहापूर तालुक्यातच बघायला मिळतं, आणि रोज लाखो माणसं त्याच्या जवळून जातात. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून जाणाऱ्या रेल्वेचे सिग्नल एका विजेवर कधीच सोडलेले नसतात. 25 किलोव्होल्टच्या मार्गांवर रेल्वेची पद्धत अशी, की सिग्नलची वीज आधी अप आणि डाउन मार्गांवरच्या ओव्हरहेड तारांवरून छोट्या ट्रान्सफॉर्मरने घ्यायची. एका मार्गाची तार मेली तर दुसऱ्या मार्गावरची कामाला येते. त्यापलीकडे स्थानिक वीज, आणि या सगळ्यांच्या मागे बॅटऱ्यांचा संच, कारण पुरवठा बदलतानाचा क्षणभराचा खंडही सिग्नलला चालत नाही. इथे मोजणी 'तीन-चार सोयी' अशी नाही. कोणती सोय कशामुळे बंद पडेल, आणि त्याच कारणाने दुसरी बंद पडेल का, हा प्रश्न कोणीतरी बसून सोडवलेला आहे. पाण्याचंही तसंच. 1892 सालचं तानसा धरण मुंबईला पाणी देतं ते उताराच्या बळावर. त्याला विजेची गरज नाही. भातसाचं पाणी नदीत सोडतात आणि खाली भिवंडी तालुक्यात पिसे इथे पंपांनी उचलतात; तिथली वीज गेली की मुंबईच्या नळांवर परिणाम होतो. दोन धरणं एकाच तालुक्यातली, पण बंद पडण्याची कारणं वेगळी. याला म्हणतात पर्याय.

तालुक्याच्या गावातल्या कार्यालयात विजेचा पर्याय म्हणजे प्रथम यूपीएस. सर्व्हरला लागतो तो ऑनलाइन यूपीएस: तो आलेली वीज आधी बॅटरीच्या जातीच्या एकदिश विजेत बदलतो आणि तिच्यापासून पुन्हा स्वच्छ वीज घडवून पुढे देतो. त्यामुळे बाहेर वीज असो, नसो, डोळा मारो, आत काही पोचत नाही. घरगुती इन्व्हर्टर हे काम करत नाही. त्याला बदलायला थोडा वेळ लागतो आणि स्वस्त इन्व्हर्टरची ओबडधोबड लहर सर्व्हरच्या सप्लायला मानवतेच असं नाही. पण यूपीएसबद्दल सगळे 'केव्हीए' विचारतात, बॅटरीबद्दल कोणी विचारत नाही. एक केव्हीएच्या छोट्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या तीन बॅटऱ्या असल्या, तर त्यांत मिळून अडीचशे वॉट-तास वीज मावते. दोनशे वॉट खाणारा सर्व्हर त्यावर, बॅटऱ्या कोऱ्या असताना, अर्धा-पाऊण तास तगतो. या बंद बॅटऱ्या 25 अंशांच्या खोलीसाठी बनवलेल्या असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. शहापुरात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत चाळीस अंश नवलाचे नाहीत. चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत संपते, आणि संपली हे दाखवत नाही. मीटर लावला तर 13 व्होल्ट दाखवते; भार टाकला की कोसळते. शिवाय तिन्ही बॅटऱ्या साखळीने जोडलेल्या असतात. म्हणजे तीन आहेत म्हणून एक गेली तर चालेल, असं अजिबात नाही. एक गेली की साखळी तुटली.

त्यानंतर जनरेटर. दहा-पंधरा सेकंदांत तो उठतो आणि डिझेल असेपर्यंत चालतो, म्हणून त्याच्यावर लोकांची श्रद्धा जास्त. पण जनरेटर चालू होण्यासाठीही एक बॅटरी लागते, आणि तो उठत नाही तेव्हा गुन्हेगार बहुतेक वेळा तीच असते. पावसाळ्यात टाकीत ओल धरून डिझेलमध्ये पाणी उतरतं. मोठा जनरेटर घेऊन त्याच्यावर दोन संगणक आणि चार ट्यूबलाइट चालवल्या, तर इंजिन नीट तापत नाही आणि काजळी धरत जातं. मोठा घेतला म्हणजे बरा, हाही भ्रमच. शेवटी तो चेंजओव्हर स्विच: वीज आणि जनरेटर या दोन वाटा जिथे एकत्र येतात तो एकच खटका. तो अडकला तर दोन्ही वाटा असून नसल्यासारख्या. आणि डिझेल कुठून येणार? रायते पुलावर उल्हास नदीचं पाणी चढलं की कल्याण–मुरबाड रस्ता बंद होतो. लाइन दुरुस्त करायला लागणारं सामान आणि जनरेटरचं डिझेल, दोन्ही त्याच रस्त्याने यायची असतात. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर 2012च्या सँडी वादळात एका उंच इमारतीतल्या डेटा सेंटरचे जनरेटर सतराव्या मजल्यावर सुखरूप होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघरात पाणी भरलं. माणसांनी रांग लावून बादल्यांनी डिझेल वर नेलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: हे सगळं जुनं झालं, आता सर्व्हर गावात असतोच कुठे? सातबारा, दस्त नोंदणी, रेशनचं मशीन, बँकेची खाती, सगळं दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असतं, आणि तिथे दुहेरी काय, तिहेरी सोय असते. हे बरंचसं खरं आहे. गंमत म्हणजे देशातल्या मोठ्या डेटा सेंटरांचा एक पुंजका ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, म्हणजे याच ठाणे जिल्ह्यात आहे. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला वर्षात काही मिनिटांचा खंडही चालत नाही, दुसऱ्या टोकाला डीओ उडाला की दिवस जातो. पण 'सर्व्हर डाउन आहे' ही जी पाटी आपल्या मराठीत आता रुळली आहे, ती लागते तेव्हा दूरचा सर्व्हर बहुधा उभाच असतो. बसलेला असतो तो इथला शेवटचा दुवा: कार्यालयातला राउटर, फायबरच्या टोकाला लावलेली डबी, गावाजवळचा टॉवर. जुन्या तांब्याच्या टेलिफोनचा एक गुण आपण विसरलो. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असे आणि त्या बॅटऱ्यांची वीज तारेतूनच घरापर्यंत येई. म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालत असे. फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. प्रत्येक टोकाला आपापली वीज लागते. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनारपट्टीवर वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइलची रेंजही गेली, ती यामुळेच. म्हणजे सर्व्हर दूर गेल्याने पर्यायी विजेची गरज संपली नाही. ती शेवटच्या खोलीत येऊन बसली. फरक असा की राउटर आणि फायबरची डबी मिळून वीस-तीस वॉटही खात नाहीत. सर्व्हरला जो यूपीएस जेमतेम पाऊण तास पुरतो, तो त्यांना काही तास पुरेल. ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे आणि सगळ्यांत कमी ठिकाणी केलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जितकी यंत्रं वाढवाल तितक्या बिघडणाऱ्या गोष्टी वाढतील. पर्याय म्हणून आणलेली वस्तूच घात करेल. हे मी खोडून काढणार नाही, कारण पुरावा आक्षेपाच्या बाजूने आहे. 27 मे 2017 रोजी ब्रिटिश एअरवेजचे सुमारे 75,000 प्रवासी अडकले ते लंडनजवळच्या डेटा सेंटरमध्ये वीज तोडण्या-जोडण्याच्या गोंधळामुळे. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे वीज जाण्यापेक्षा ती बेबंद परत आल्याने जास्त नुकसान झालं. दक्षिण कोरियात डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला 26 सप्टेंबर 2025 रोजी आग लागली, ती यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांमधून. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं 858 टेराबाइटचं भांडार त्यात गेलं आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. विजेचे पर्याय होते. माहितीचा पर्याय नव्हता, आणि विजेच्या पर्यायानेच माहिती खाल्ली. पण या उदाहरणांतून 'पर्याय नकोच' असं निघत नाही. निघतं ते असं, की पर्याय मुळापासून दूर असला पाहिजे, त्याची दुसऱ्याशी गाठ कमीत कमी जागी पडली पाहिजे, आणि तो इतका साधा असावा की तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रिशियनला रात्री नऊ वाजता समजेल. म्हणूनच मी छोट्या कार्यालयाला स्वयंचलित पॅनेलच्या भानगडीत पडू नका म्हणेन. दोन छोटे यूपीएस, भिंतीतल्या दोन वेगळ्या एमसीबींवर, सर्व्हरची एक वायर एकात, दुसरी दुसऱ्यात. दोघांमध्ये स्विच नाही, मेंदू नाही. निवड सर्व्हरचे दोन सप्लाय आपसांत करतात, आणि ते काम त्यांना उत्तम जमतं. एकच यूपीएस परवडत असेल, तर एक वायर यूपीएसला आणि दुसरी सर्ज प्रोटेक्टर लावून थेट लाइनला. मग यूपीएस स्वतः मेला किंवा त्याच्या बॅटऱ्या बदलायच्या असल्या, तरी सर्व्हर उभा राहतो.

तरीही काही गोष्टी दोन्ही वाटांना सामाईकच राहतात, आणि त्यांत पहिली अर्थिंग. दोन यूपीएस असले तरी जमीन एकच. मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याला पाणी द्यावं लागतं. कातळ-मुरमाच्या जमिनीत तर हमखास. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला, तर दुसरा यूपीएस घेण्याआधी ते पैसे जमिनीत घालावेत. गावठाणाचा आणि शेतीपंपांचा फीडर वेगळा झाला, याचंही पुष्कळांना समाधान वाटतं, आणि गावाला वीज जास्त तास मिळू लागली हे खरं. पण दोन्ही फीडर एकाच उपकेंद्रातून निघतात, त्यामुळे कोणी दोन फीडरवरून दोन जोडण्या घेतल्या तरी त्याला दुहेरी पुरवठा म्हणता यायचं नाही. सौर पॅनेलही तसंच: बॅटरी नसलेली छतावरची सौर यंत्रणा वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद होते. भर दुपारी छपरावर ऊन आणि खाली अंधार, हे बघून लोक चकित होतात.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि तो छोट्या पतसंस्थेच्या बाजूने बघितला तर रास्त आहे. तिला डेटा सेंटरची बरोबरी करायची नसते. मला वाटतं, इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. 'वीज गेल्यावर सर्व्हर किती तास चालेल?' असं विचारलं की उत्तर महाग होत जातं. 'वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद होईल का?' असं विचारलं तर उत्तर स्वस्त आहे. दहा मिनिटं पुरतात. यूपीएसबरोबर एक यूएसबी वायर येते. ती सर्व्हरला जोडली, की यूपीएस त्याला सांगू शकतो, आता बॅटरीवर आहोत, आता संपत आलंय. मग सर्व्हर हातातलं काम पुरं करतो, वह्या मिटतो आणि स्वतः बंद होतो. त्यासाठीचं सॉफ्टवेअर बहुधा कंपनी फुकट देते. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नावाचं मुक्त सॉफ्टवेअरही आहे. ती वायर बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहते, आणि खोकं माळ्यावर. दवाखान्याची गोष्ट वेगळी. तिथे बंद होणं चालत नाही आणि तिथे जनरेटरचा खर्च टाळता येणार नाही. पण कोणाला चालू राहायचं आहे आणि कोणाला फक्त नीट बंद व्हायचं आहे, हे न ठरवता केलेली खरेदी दोघांनाही उपयोगाची नसते.

आणि हे सगळं केलं तरी ते चालतं की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाही. डेल्टाच्या त्या 300 यंत्रांच्या पाठीलाही वायरी होत्याच. बघायला भीती वाटते, कारण बघणं म्हणजे चालत्या सर्व्हरची वायर मुद्दाम उपटणं, आणि काही झालं तर दोष उपटणाऱ्यावर. त्यासाठी शहापूर-मुरबाडला एक आयती संधी दर वर्षी मिळते. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायला, तारा ताणायला महावितरण आधी जाहीर करून वीज बंद ठेवते. त्या दिवसाबद्दल आपण फक्त कुरकुरतो. या वर्षी त्या दिवशी सकाळी माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा, इलेक्ट्रिशियनला बोलावून ठेवा, आणि वीज जाईल तेव्हा घड्याळ लावून बसा. यूपीएस किती मिनिटं तगला, सर्व्हर स्वतः बंद झाला का, राउटर जागा राहिला का, जनरेटर कितव्या प्रयत्नाला उठला, ते भिंतीवर तारखेसह लिहा. वीज परत आली आणि सगळं स्थिर झालं, की सर्व्हरच्या पाठीमागची एक वायर काढून बघा, मग ती लावून दुसरी. मृग लागायच्या आत एवढं करा. त्यानंतर वाकून टेबलाखाली बघायला विसरू नका. त्या दोन वायरी कोणत्या बोर्डात गेल्या आहेत ते.